बोलावल्याशिवाय

साकोली, ४ ऑगस्ट १९८३, गुरुवार

आजपासून दवाखान्यात मानसोपचाराची खोली सुरू झाली. खोली म्हणजे पूर्वीचं औषधांचं कोठार. फिनेलचा वास अजून गेलेला नाही. महिन्यातून एकदा नागपूरहून डॉक्टर येतील आणि गोळ्या लिहून देतील. दर गुरुवारी लोकांशी बोलत बसायचं काम माझं. बाकीचे दिवस गावोगाव फिरून 'वेड म्हणजे भूतबाधा नव्हे' हे सांगायचं. नुसतं बोलून कोणी बरं होतं यावर दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांचा काडीचा विश्वास नाही, पण टेबल त्यांनी चांगलं दिलं आहे.

ही वही मी स्वतःसाठी आणली. हिच्यात रुग्ण येणार नाहीत, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते. बंगलोरला शिकत असताना सर सांगायचे, दाराला कुलूप लावलं की रुग्ण आत आणि आपण बाहेर. शेवटचा माणूस उठून गेला की ते त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवत. आज मीही ठेवली. झाडणाऱ्या बाईनं विचारलं, "खुर्चीले शिक्षा देली का म्याडम?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

राहायला आणि जेवायला केशरबाईंकडे. त्या साठीच्या, एकट्या, माहेर सानगडीचं. तोंडाचा पट्टा सकाळी चुलीबरोबर सुरू होतो. मला 'म्याडम' म्हणतात आणि भाचीसारखं दटावतात. जेवण झकास आहे.

आज तिघं आले. त्यांच्याबद्दल लिहायचं नाही.

११ ऑगस्ट, गुरुवार

एका बाईबद्दल एकदाच लिहून टाकते, म्हणजे ती डोक्यातून जाईल.

मालनबाई, एकोडीची, पंचेचाळिशीची. गालाची हाडं वर आली आहेत. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही, म्हणून माझ्याकडे पाठवली. सानगडीचा भाऊ सेवकराम तिला घेऊन येतो आणि बाहेर बाकावर बसून राहतो.

मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं, बाबुलालनं, काही वर्षांपूर्वी दुसरी बायको केली. तिचं नाव लीलाबाई. भांडण नाही, मारहाण नाही, कोणी घराबाहेर काढलं नाही. लीलाबाईची दोन्ही बाळंतपणं मालनबाईनंच केली. ती जेवत नाही, एवढंच.

"का जेवत नाही?" विचारलं, तर बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "आमच्या घरी बाई आपल्या हातानं ताट नाही घेत म्याडम. मोठी बाई म्हणते, चला वो, जेवून घ्या. मंग साऱ्याजणी बसतात. सासू होती तवा सासू म्हणे. सासू मेली, आता मोठी मीच. मी लीलाले म्हणतो, लेकरायले म्हणतो. मले कोण म्हणते?"

"मग?"

"मंग एक दिवस बसली तशीच. म्हटलं पाहू, कोणाच्या ध्यानात येते का."

कोणाच्याच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही बसली. तेव्हापासून हे चाललं आहे. घरचे झोपले की कधी मूठभर पोहे खाते, कधी तेही नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे, वजन आणखी उतरलं तर नागपूरला भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. त्याच्याही पलीकडे काय होऊ शकतं ते त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं.

लिहून टाकलं. विषय संपला.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

काल-आज पित्त झालंय. ताट पुढ्यात आलं की पहिला घास हातातच राहतो. केशरबाईंनी आल्याचा रस दिला. धानाच्या रोवणीमुळे गावं ओस पडली आहेत, सगळी माणसं शेतात, बांधीत. उद्याचा दौरा रद्द.

८ सप्टेंबर, गुरुवार

पोळा होऊन गेला. आज गर्दी कमी होती.

मालनबाई बोलायला लागली आहे. जाताना दाराशी थांबली. "म्याडम, एक गोष्ट इचारू? आमी गेल्यावर तुमी आमची याद करता का? का आमी उठलो, झालं?"

मी शिकवल्याप्रमाणे म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटते का नाही करत. तुमाले किती लोकं." आणि "येतो" म्हणून गेली.

उत्तर बिनचूक होतं. असा प्रश्न रुग्ण विचारतोच. त्याच्या मागे काय आहे ते काढायचं असतं, प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. सरांनी पाठ थोपटली असती. संध्याकाळी मी तेच वाक्य दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. दवाखान्यात ते इतकं कोरडं निघालं नसावं.

रुग्णांचा विचार आपण दवाखान्याबाहेर करतो का, असं आमच्यापैकी एकीनं बंगलोरला भर वर्गात विचारलं होतं. सर म्हणाले, करत असाल तर तो तुमचा प्रश्न आहे, त्यांचा नाही. वर्गात हशा पिकला. मीही हसले होते.

पित्त आहेच.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

बाजारातून साबण आणला. हात धुताना गुरुवारी दवाखान्यात येणारे एक मास्तर आठवले, ते दिवसभर हात धूत असतात. आठवण आपोआप येते. तिला विचार म्हणता येणार नाही.

२९ सप्टेंबर, गुरुवार

मागच्या वेळी मालनबाईला एक काम दिलं होतं. रोज एकदा स्वतःच्या हातानं ताट वाढून घ्यायचं आणि सगळ्यांसमोर जेवायचं. बंगलोरला अशा कामांचा चांगला गुण येताना पाहिला होता.

"केलं?" म्हणून विचारलं.

"नाही केलं."

"का?"

"बिनबोलावता कुत्रं जेवते म्याडम."

मी तिला समजावलं. आपलं पोट आपलं आहे, भूक आपली आहे, मान ताटात नसतो, वगैरे. तिनं शांतपणे ऐकलं, वर्गात पोरं धडा ऐकतात तसं. मग म्हणाली, "तुमी कोणाच्या घरी जेवता? ते बोलावते का तुमाले?"

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. दिलं नाही.

जेवताना केशरबाई म्हणाल्या, "म्याडम, घास घेऊन कुठं पाहून राहिल्या? भिंतीवर काय लिवलं हाय?" त्या रोज आतून हाक मारतात, 'या वो, वाढलं,' हे आज प्रथम माझ्या लक्षात आलं. कुतूहल म्हणून नोंदवते.

२० ऑक्टोबर, गुरुवार

चांगली बातमी. सेवकरामनं मालनबाईला काही दिवसांसाठी सानगडीला नेलं आहे. ही माझीच सूचना होती. भावजय दोन्ही वेळा हाक मारते आणि ही जेवते. वजन वाढलं. आज ती हसली, तेव्हा पुढचा एक दात नाही हे कळलं.

दिवाळीनंतर सानगडीची मंडई आहे. इकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं, झुले, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर सोयऱ्यांची रीघ. कोणीही ओळखीचं दिसलं तरी त्याला हाताला धरून घरी न्यायचं आणि खाऊ घालूनच सोडायचं, अशी रीत. मालनबाई म्हणाली, "तुमी येजा मंडईले." मी म्हणाले, केशरबाईंचं माहेर तिथलंच आहे, त्या ओढून नेणारच. हे बोलायला नको होतं. बोलून गेले.

१३ नोव्हेंबर, रविवार

केशरबाईंनी सानगडीला नेलंच. मी दोनदा नाही म्हणाले होते, हे इथे लिहून ठेवते.

मंडई जोरात होती. धुळीनं आणि तेलाच्या वासानं डोकं धरलं. दंडारीवाल्यांनी तोंडाला पिवळा रंग फासलेला, आणि त्यांच्या पुढे पोरांची ही गर्दी. दुपारी काकणांच्या दुकानांजवळ मालनबाई दिसली. सोबत तीन-चार बायका. नवं जांभळं लुगडं, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. कानात फुलं. गाल भरले आहेत, गळ्याजवळचं हाड आता दिसत नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत होती. मला पाहताच तिनं हात अर्धा वर केला.

मी नियम पाळला. चारचौघांत रुग्णाला ओळख दाखवायची नाही. सोबतच्या बायकांनी 'ह्या कोण' म्हणून विचारलं तर ती काय सांगणार होती? येड्याच्या दवाखान्यातली बाई? गावात तेवढं पुरतं. माझी नजर तिच्यावरून सरळ फुगेवाल्याकडे गेली. मान वळली नाही, पाऊल अडखळलं नाही. असं जमायला माणसाला वर्षं लागतात.

हात अर्धाच का वर केला असेल? ऊन लागत असावं.

केशरबाईंच्या भावाकडे सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि वडे होते. मला फारसे गेले नाहीत.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

मालनबाई आली नाही. धानाची कापणी चालू आहे, बरेच जण आले नाहीत. मास्तर आले होते.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सेवकराम एकटाच आला. बाकावर न बसता सरळ आत आला, पण खुर्चीवर बसला नाही.

"बाई एकोडीले गेली," म्हणाला. "मंडईच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणे, पाहुणी म्हणून किती दिवस राहू. आता तिथं जेवण बंद हाय. काल मी पाहून आलो. भिंतीले धरून उठते."

मी विचारलं, काही झालं का?

तो खाली पाहत म्हणाला, "बोलू का नको समजत नाही. म्याडम, तुमी येणार म्हणून तिनं साऱ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं. पहाटे उठून ननंद-भावजयीनं वडे तळले. शेजारच्या बायका घेऊन रस्त्यावर उभी होती, तुमाले घरी आणाले. तुमी पाह्यलं, आन् पुढं निघून गेल्या. रामराम बी नाही घेतला."

मी त्याला कारण सांगितलं. लोकांना कळू नये, तिची बदनामी होऊ नये, म्हणून असा नियम आहे.

"काय कळू नये?" तो म्हणाला. "दर गुरुवारी साकोलीले येते हे साऱ्या गावाले ठाऊक हाय. ते सोताच सांगते. म्हणे, तिथं एक बाई हाय, माह्यं आयकून घेते." मग म्हणाला, "आमच्याकडे म्याडम, बोलचाल तुटली असन तरच लोक रामराम टाळतात."

तो गेल्यावर मी खुर्ची भिंतीकडे वळवायला गेले. तो तिच्यावर बसलाच नव्हता.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

मी चुकले. नियम चुकला नाही, मी चुकले. किंवा नियमही चुकला. लाज वाटते आहे. ज्या बाईचं सगळं दुखणंच 'कोणाच्या ध्यानात येते का' हे, तिला मी भर रस्त्यात, तिनं जमवलेल्या बायकांसमोर, ध्यानात घेतलं नाही. आणि घरी येऊन तिच्या लुगड्याच्या घडीच्या रेघा लिहिल्या.

केशरबाईंना नाव न घेता सगळं सांगितलं. नाव त्यांना माहीत होतंच.

"मंग जा ना एकोडीले. परवा मंडई हाय तिथं."

"आम्ही रुग्णाच्या घरी जात नाही."

"काहून?"

"तिथलं काम तिथेच ठेवायचं असतं. घरी आणायचं नसतं."

केशरबाई तांदूळ निवडत होत्या. हसल्या. "नाही आणत म्हणता? ते बाई श्रावणापासून इथंच राहून राहिली. रोज तुमच्या ताटापुढं येऊन बसते."

मी म्हणाले, ते पित्त आहे.

"पित्त तिच्या नावाचं हाय," त्या म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.

मला राग आला. मग राग गेला आणि जे उरलं त्याला मी तिसऱ्या पानापासून पित्त म्हणत आले आहे. सर काय म्हणतील ते मला पाठ आहे. डॉक्टर पुढच्या महिन्यात येतील. तोवर ती बाई राहील का, हे कोणीच सांगू शकत नाही. मला भीती वाटते.

२७ नोव्हेंबर, रविवार

एकोडीला जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

अंगणात पाहुण्यांची गर्दी. बाबुलाल खाटेवर बसून कोणाला तरी पान देत होता. साधा, जरा ओशाळा माणूस. मी मनात त्याला फार मोठा करून ठेवला होता. मालनबाई स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती, तेच जांभळं लुगडं नेसून. गळ्याचं हाड पुन्हा वर आलं आहे.

मी फाटकातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रामराम, मालनबाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावरून सरळ कोंबड्यांकडे गेली. मान वळली नाही. माझी पद्धत तिनं एकदा पाहून उचलली होती.

लीलाबाई पुढे आली. अंगानं किरकोळ, कडेवर पोर. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला. "चला वो म्याडम, जेवून घ्या."

मी पाटावर बसले. वडे, सुवाऱ्या, भाजी. पाहुणे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी घास उचलला आणि नेहमीप्रमाणे तो हातात राहिला. मग मी वळून म्हणाले, "मालनबाई, या वो. जेवून घ्या." माझी आई इकडचीच, मोहाडीची. ती असंच म्हणायची. नागपूरला शाळेत घातल्यापासून मी ती बोली सोडली होती. ती कुठून आली कोण जाणे.

"मले भूक नाही," ती कोंबड्यांना म्हणाली.

"मलेबी नाही. श्रावणापासून नाही." मी घास ताटात ठेवला. "तुमी इचारलं होतं, आमची याद करता का. मी सांगतलं नाही. करतो. रोज जेवाले बसली का करतो. पहिला घास उचलला का मनात येते, तिले आज कोणी बोलावलं असन का. मंग माह्याच्यानं खाल्लं जात नाही. मंडईत मी तुमाले पाह्यलं होतं. कानातली फुलं बी पाह्यली. मले वाटलं, ओळख देली त तुमचीच बदनामी होईन. चुकली मी."

एवढं मी कोणाही रुग्णाला कधी सांगितलेलं नाही.

लीलाबाई हळूच म्हणाली, "आक्का, तुमी जेवतच नोत्या?"

मालनबाईची नजर कोंबड्यांवरच होती.

"मले वाटे तुमी मोठ्या, तुमी आमच्या आंधीच जेवून घेत असान. मी नंतर आली घरात. मी तुमाले कशी बोलावू? मोठीले लहान बोलावते का?" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कडेवरचं पोर घाबरून तिच्या तोंडाकडे पाहू लागलं.

इतके महिने मी या घरात कोणीतरी दुष्ट शोधत होते. होत्या त्या दोन बायका, एकीनं हाक मारावी म्हणून थांबलेली आणि दुसरी, आपल्याला तो अधिकार नाही म्हणून गप्प राहिलेली.

मालनबाई भिंतीला धरून उठली. लीलाबाईनं पोर बाबुलालकडे दिलं आणि तिला हात दिला. माझ्या शेजारी पाट मांडला. "आक्का, जेवून घ्या," ती म्हणाली, अगदी खालच्या आवाजात, चोरी केल्यासारखी.

मालनबाईनं एक सुवारी खाल्ली, थोडा वडा. मी तिच्यापेक्षा जास्त खाल्लं. निघताना फाटकापर्यंत आली, लीलाबाईच्या खांद्याला धरून. म्हणाली, "जेवत जा म्याडम. माह्यापायी कायले पोट मारता?"

१ डिसेंबर, गुरुवार

मालनबाई आली. आज सोबत लीलाबाई, ती बाहेर बाकावर बसली.

खुर्चीवर टेकायच्या आधीच मालनबाईनं विचारलं, "जेवल्या का म्याडम?"

व्यक्तिगत प्रश्न. "जेवले," मी म्हणाले. "तुम्ही?"

"सकाळी लीलानं बोलावलं. काल इसरली होती."

"मग काल?"

ती जरा वेळ पदराचं टोक गुंडाळत राहिली. "मंग मीच म्हटलं, लीला, मले बोलाव ना वो."

वजन अजून कमीच आहे. डॉक्टरांना दाखवावं लागेलच. लीलाबाई पुन्हा विसरेल, ही पुन्हा भिंतीला टेकून बसेल, काम बरंच बाकी आहे. मी एकोडीला गेले हे डॉक्टरांना सांगणार आहे. ते नाराज होतील, आणि त्यांचं सगळंच चूक नसेल. सगळ्यांच्याच घरी जाऊन मला जेवता यायचं नाही.

केशरबाई सानगडीला गेल्या आहेत. ताट झाकून ठेवलं होतं. हाक मारायला कोणी नव्हतं. मी वाढून घेतलं आणि बसले. पहिला घास उचलला आणि मालनबाई आठवली. तिला आठवू दिलं आणि जेवून घेतलं.